बडोद्याला बदली, नर्सिंगची नोकरी कशी शोधू?

अबोली_नाशिक
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा काढायची पहिलीच वेळ. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली. नाशिकला खासगी हॉस्पिटलात नऊ वर्षं झाली, त्यातली शेवटची सहा आयसीयूत. नवऱ्याची बडोद्याला मकरपुऱ्याच्या कारखान्यात बदली झालीय. तो पुढे गेला, आम्ही दिवाळीनंतर जाणार. आम्ही म्हणजे मी, साडेतीन वर्षांचा मुलगा आणि सासूबाई.

नोकरी सोडून घरी बसणं मला जमणार नाही, पैशासाठीही आणि डोक्यासाठीही. पण बडोद्यात ओळखीचं कुणी नाही. फोनवरून दोन-तीन ठिकाणी चौकशी केली. एका ठिकाणच्या बाई म्हणाल्या, "या, लगेच जॉइन व्हा. गुजरातचं रजिस्ट्रेशन नंतर करा, तोपर्यंत ट्रेनी म्हणून १४ हजार देऊ. मूळ सर्टिफिकेटं जमा करावी लागतील." नऊ वर्षांनी परत ट्रेनी? फोन ठेवला आणि रडूच आलं.

कौन्सिलचं नक्की काय करायचं? पगार कितपत मागावा? आणि सगळ्यात मोठी धास्ती म्हणजे मला गुजरातीतलं 'केम छो'च्या पुढे काही येत नाही. आयसीयूतला पेशंट बोलत नाही म्हणा, पण नातेवाईक तर बोलतात!

रावपुरेकर
बडोद्यात स्वागत. आमची चौथी पिढी इथली. 'ओळखीचं कुणी नाही' हे विसरा. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांत हाक मारलीत तर चार खिडक्या मराठीत उघडतील. इथले म्हातारे खिडकीला 'बारी' म्हणतात, तेवढं समजून घ्या. आमची मराठी शंभर वर्षं गुजरातीच्या शेजारी राहिलीय, थोडा रंग लागणारच.

नोकरीचं मला कळत नाही. ते जाणकार सांगतील.

ब्रदर_मिरज
मी मूळचा मिरजेचा, बडोद्यात मेल नर्स म्हणून सात वर्षं झाली. तुमच्या जागी मी होतो तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

सर्वात आधी रजिस्ट्रेशन. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी महाराष्ट्रापुरती. गुजरातेत काम करायचं तर गुजरात नर्सिंग कौन्सिलची लागते. परीक्षा द्यावी लागत नाही. तुमच्या कौन्सिलची एनओसी आणि पडताळणी इकडच्या कौन्सिलला मिळाली की इकडे नाव चढतं. काम कागदाचंच आहे, पण कागदाला वेळ लागतो. म्हणून सामान बांधायच्या आधी अर्ज टाका. मी उलटं केलं. आधी आलो, मग एनओसीसाठी मुंबईला तीन खेपा. रात्रीची गाडी, दिवसभर रांग, परत रात्रीची गाडी.

अर्जाच्या आधी एवढं तपासा. तुमचं महाराष्ट्राचं रिन्युअल चालू आहे का? ते पाच वर्षांनी असतं आणि त्यासाठी सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना घ्यायच्या नर्सिंग शिक्षणाचे तास भरावे लागतात. मुदत संपत आली असेल तर आधी ते उरका, नाहीतर एनओसी तिथेच अडते. दुसरं, इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या लाइव्ह रजिस्टरमध्ये नाव आहे का, एनयूआयडी, म्हणजे नर्सचा देशभरचा ओळख नंबर मिळालाय का? तो आधारला जोडलेला असतो आणि राज्य बदललं तरी तोच राहतो.

तिसरं म्हणजे नाव. सर्टिफिकेटवर माहेरचं आणि आधारवर सासरचं असेल तर...

अबोली_नाशिक
अगदी तसंच आहे. दहावीपासून जीएनएमपर्यंत सगळं माहेरच्या नावाने. कौन्सिलचं सर्टिफिकेटही. आधार, पॅन, बँक सासरच्या नावाने. पीएफ खातं अर्धवट, नाव माहेरचं आणि आडनाव सासरचं.

ब्रदर_मिरज
वाटलंच. आमच्या हॉस्पिटलच्या निम्म्या सिस्टरांची हीच कथा.

लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र आहे ना? ग्रामपंचायतीचं किंवा महापालिकेचं, पत्रिका नव्हे. नसेल तर हे काम नाशिकला असतानाच करा. महाराष्ट्राच्या राजपत्रात नावबदल छापून घेतलात तर आणखी बरं. अर्ज ऑनलाइन होतो आणि तो कागद जन्मभर उपयोगी पडतो. मग महाराष्ट्र कौन्सिलमध्येच नाव दुरुस्त करून घ्या आणि त्यानंतरच एनओसी मागा. इथे येऊन दोन राज्यांत दोन नावं सारखी करत बसणं म्हणजे एका हाताला सलाइन आणि दुसऱ्याला बीपीचा पट्टा बांधून पेशंटला चालायला लावण्यासारखं आहे.

खारा_शेंगदाणा
उपमा आवडली. आयसीयूतून थेट साहित्यात.

चित्रा_एचआर
मी हॉस्पिटल एचआरमध्ये आहे, बडोद्यात नाही, पण पद्धती सगळीकडे सारख्याच.

मूळ सर्टिफिकेटं कुणालाही देऊ नका. बघायला द्या, समोर झेरॉक्स काढू द्या आणि मूळ कागद पिशवीत परत. "सगळेच देतात" म्हणतील, म्हणू द्या. ते कागद त्यांच्या कपाटात असले की तुम्ही सोडून जाऊ शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ट्रेनीबद्दल. रजिस्ट्रेशन नसताना वॉर्डात उभं करणं हा त्या हॉस्पिटलसाठीही धोका आहे. काही झालं तर पहिला प्रश्न येईल, ड्यूटीवरच्या नर्सची नोंदणी कुठली? मग एचआर हात झटकेल आणि तुम्ही एकट्या उराल. दोन महिने घरी बसलात तरी चालेल, पण असं जॉइन होऊ नका.

पगाराचं सांगते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्राने समिती नेमली होती. तिची शिफारस अशी: २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी हॉस्पिटलात सरकारी नर्सइतका पगार, १०० च्या वर असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० मध्ये फार तर २५ टक्के कमी आणि ५० च्या आत असतील तरी महिन्याला किमान २० हजार. अंमलबजावणी राज्यांवर सोडली आणि पुढे काय झालं ते वेगळं सांगायला नको. तरी आकडा तोंडात असू द्या. २० हजार हा त्या शिफारशीतला सगळ्यात खालचा आकडा आहे, तोही जवळपास दहा वर्षांपूर्वीचा.

प्रवासी_पक्षी
स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आयसीयूचा सहा वर्षांचा अनुभव आणि २०-२५ हजारांवर घासाघीस? जर्मन शिका, नाहीतर आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्या आणि निघा. इथे काही नाही.

मेट्रनबाई
पक्षीराव, तिला साडेतीन वर्षांचं लेकरू आहे आणि नवरा मकरपुऱ्यात. ती जर्मनीला कुठे जाईल? विचारलंय ते सांगा.

अबोली, मी बडोद्यातच नोकरी केली, ३४ वर्षं. मेट्रन म्हणून रिटायर झाले. माहेर कोल्हापूर. १९८५ साली आले तेव्हा मलाही 'केम छो' एवढंच येत होतं.

भाषेला भिऊ नकोस. इथल्या पेशंटला हिंदी समजतं आणि तुझं मोडकं गुजराती ऐकून तो हसतो. हसला म्हणजे अर्धं काम झालं. पण काही शब्द असे आहेत की ते कळले नाहीत तर पेशंटचं नुकसान होतं, तेवढे आधी पाठ कर.

'गभरामण थाय छे.' मराठी कानाला वाटतं, बिचारा घाबरलाय. आपण म्हणतो, घाबरू नका काका, पाणी घ्या. तसं करायचं नाही! गुजराती माणूस जीव कासावीस होणं, छातीत धडधड, श्वास अपुरा पडणं हे सगळं गभरामणमध्येच सांगतो. मी नवी असताना एका आजोबांना धीर देत बसले होते. सीनियर सिस्टर धावत आली, ईसीजी काढला, मोठा अटॅक होता. आजोबा वाचले. त्या रात्री घरी जाऊन मी वहीत पहिला शब्द लिहिला तो हा.

'चूंक आवे छे' म्हणजे पोटात मुरडा येतोय. 'झाडा' म्हणजे जुलाब, झाडांशी संबंध नाही. 'उधरस' खोकला, 'लोही' रक्त, 'सोय' म्हणजे सुई. "सोय नथी जोइती" म्हणाला तर तो हॉस्पिटलच्या सोयींबद्दल बोलत नाहीये, त्याला इंजेक्शन नकोय. 'ध्रुजारी' म्हणजे हुडहुडी. अँटिबायोटिक किंवा रक्त चालू असताना हा शब्द कानावर आला की आधी हात घालायचा तो नळीच्या क्लॅम्पला, बाकी सगळं नंतर. 'बाटलो' म्हणजे सलाइन. 'जम्या?' म्हणजे जेवलात का.

आणि 'रजा' म्हणजे डिस्चार्ज. माझ्या पहिल्याच आठवड्यात एक बाई रोज विचारायच्या, "बेन, रजा क्यारे मळशे?" मी म्हणायचे, "मलाच मिळत नाही, तुम्हाला कुठून देऊ?" चौथ्या दिवशी त्यांचा मुलगा डॉक्टरांकडे तक्रार घेऊन गेला.

खारा_शेंगदाणा
😂😂 मेट्रनबाई, तुमचा वेगळा धागा हवा.

रावपुरेकर
एक भर. सयाजी हॉस्पिटलात किंवा तशा मोठ्या दवाखान्यात काम करायचं झालं तर गुजरातीही पुरत नाही. छोटा उदेपूर, दाहोद आणि पार मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलिराजपूरहून आदिवासी पेशंट येतात. त्यांची बोली आमच्यासारख्या चार पिढ्यांच्या बडोदेकरालाही धड कळत नाही. तिथे सगळेच नवखे, त्यामुळे तुम्ही एकट्या पडणार नाही.

मेट्रनबाई
खरंय. तिथे बोट दाखवून विचारायचं आणि चेहऱ्याकडे बघायचं. सोबत आलेली म्हातारी सगळं सांगते, तिला पकड.

ब्रदर_मिरज
नोकऱ्या कुठे, ते राहिलं होतं.

नुसत्या ऑनलाइन जाहिरातींवर बसू नका. बायोडाटा घेऊन स्वतः जा आणि एचआरच्या आधी नर्सिंग सुपरिंटेंडेंटला भेटा. जागा रिकामी असते ती तिला माहीत असते, एचआरला महिन्याने कळते. सकाळच्या राउंडची वेळ टाळा, साडेअकरा-बारा बरं. रेसकोर्स, अलकापुरी, गोत्री, कारेलीबाग या पट्ट्यांत मोठी खासगी हॉस्पिटलं आहेत. वाघोडियाकडे मेडिकल कॉलेजांची हॉस्पिटलं आहेत, तिथे जागा जास्त पण अंतर लांब. स्टाफची बस आहे का आणि नाइट संपवून सकाळी परत यायला बस मिळते का, हे आधी विचारा. घराचं भाडं ठरवायच्या आधी नोकरीची दिशा ठरली तर उत्तम. मकरपुरा शहराच्या दक्षिण टोकाला आहे हे ध्यानात असू द्या.

फारसं कुणी सांगत नाही तेही सांगतो, कारखान्यांचे दवाखाने. कायद्यानुसार ५०० च्या वर कामगार असले की अँब्युलन्स रूम आणि तिथे नर्सिंग स्टाफ ठेवावा लागतो. केमिकलवाल्यांकडे ओएचसी, म्हणजे कामगारांच्या आरोग्याची केंद्रं असतातच. बडोद्याच्या आजूबाजूला रिफायनरी, खतं, औषधं, इंजिनिअरिंग असं सगळं आहे. काम हॉस्पिटलपेक्षा शांत, कंपनीची बस, कित्येक ठिकाणी नाइटही कमी. पण बहुतेक जागा ठेकेदारामार्फत असतात, तेव्हा पगारपत्रक आणि पीएफ कुणाच्या नावाने ते बघून घ्या. आयसीयूचा हात मात्र दोन वर्षांत बोथट होतो, हा तोटा. तुमच्या यजमानांना कारखान्यातल्या दवाखान्यात सहज विचारायला सांगा.

अबोली_नाशिक
तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंय की काय बोलू! लग्नाचं प्रमाणपत्र आहे, सापडलं. राजपत्राचा अर्ज आजच भरला.

सरकारीचं काय? इथले काही जण म्हणतात, परराज्यातल्यांना घेतच नाहीत.

चित्रा_एचआर
"घेतच नाहीत" असं नाही. जाहिरातीतल्या अटी वाचायच्या. गुजरात सरकारच्या भरतीत गुजरात कौन्सिलची नोंदणी, कॉम्प्युटरचं बेसिक ज्ञान आणि गुजराती किंवा हिंदी येणं अशा अटी सहसा असतात. पहिली पाच वर्षं फिक्स पगार, म्हणजे पूर्ण वेतनश्रेणी लगेच मिळत नाही. हे माहीत नसलं की नेमणूकपत्र हातात आल्यावर धक्का बसतो. एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या) करारावरच्या जागा आरोग्यसाथी पोर्टलवर येतात.

राखीव प्रवर्गात असाल तर लक्षात घ्या, महाराष्ट्राच्या जातीच्या दाखल्यावर गुजरात सरकारच्या भरतीत आरक्षण मिळत नाही, अर्ज खुल्यातून करावा लागतो. केंद्राच्या भरतीचं वेगळं. एम्सची नॉरसेट परीक्षा कुठूनही देता येते. तिथे नर्सिंग ऑफिसरला वेतनश्रेणी लेव्हल ७, मूळ पगार ४४,९००. वयाची अट बघा. प्रतापनगरला रेल्वेचं हॉस्पिटल आहे, रेल्वेच्या भरतीवरही डोळा ठेवा.

ब्रदर_मिरज
नॉरसेट द्या जरूर, पण पास झालात तर पोस्टिंग देशात कुठेही. परत हाच धागा, नाव बदलून.

नवी_सिस्टर
मध्येच विचारते, इंटरव्ह्यूत काय विचारतात? मी सुरतेची, पुढच्या महिन्यात बडोद्याला येतेय.

ब्रदर_मिरज
मला विचारलं होतं: ५०० एमएल सलाइन चार तासांत द्यायचं, सेट १५ थेंबांचा (एका एमएलला १५ थेंब), मिनिटाला किती थेंब? उत्तर ३१. कागद-पेन मागा, तोंडी हिशेब करून हिरो होऊ नका. केसीएल (पोटॅशियम क्लोराइड) कुठे ठेवता? वॉर्डात उघड्यावर नाही, वेगळं, कुलपात, लेबल लावून, आणि थेट शिरेत कधीच नाही. कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत काय, लाल पिशवीत काय, सुया कशात? एनएबीएचवाली (दर्जाची मान्यता असलेली) हॉस्पिटलं याच्यावर घोळवतात. बीएलएसचं (जीव वाचवायच्या प्राथमिक प्रशिक्षणाचं) कार्ड दोन वर्षांचंच असतं, तारीख बघून या. हेपटायटिस बी चे तीन डोस झाल्याचा कागदही सोबत ठेवा.

मेट्रनबाई
आणि तुम्हीही विचारा. इंटरव्ह्यू दोन्ही बाजूंनी असतो. आयसीयूत एका सिस्टरकडे किती पेशंट? नाइटला किती? महिन्यात नाइट किती आणि लागोपाठ किती? त्या गप्प बसल्या तर समजून घ्या. मी स्वतः समोरच्या खुर्चीत बसून बऱ्याचदा गप्प बसलेय, म्हणून सांगते.

अबोली, मुलाबद्दलही विचार. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय कायद्याने द्यावी लागते. सगळे देत नाहीत, पण विचारल्यावर समोरची बाई जरा सावरून बसते.

प्रवासी_पक्षी
माझं मत कायम आहे, पण माहिती चांगली जमा झालीय.

खारा_शेंगदाणा
पक्षी घरट्यात परतला.

*(पावणेचार महिन्यांनंतर)*

अबोली_नाशिक
धागा वर काढतेय. रागावू नका, मध्ये लिहायला उसंतच मिळाली नाही.

नावाची दुरुस्ती, मग एनओसी, मग गुजरात कौन्सिल. सगळं मिळून धरलं त्यापेक्षा जास्त वेळ गेला. दोन महिने घरी बसले. त्यात एकदा अगदी त्या १४ हजारवाल्या बाईंचा नंबर काढून बसले होते. सासूबाई म्हणाल्या, "ट्रेनी म्हणून जायचं असेल तर आधी मला सलाइन लावून दाखव, पास झालीस तर जा." फोन ठेवला.

नोंदणी झाल्यावर चार ठिकाणी स्वतः गेले, साडेअकराला, ब्रदरनी सांगितल्याप्रमाणे. दोन ठिकाणी बाहेरूनच परत. तिसऱ्या ठिकाणी मूळ कागद मागितले, मी म्हटलं, झेरॉक्स घ्या. म्हणाल्या, विचार करून कळवतो. कळवलं नाही. चौथ्या ठिकाणी सुपरिंटेंडेंट केरळच्या, गुजराती त्यांचंही माझ्यासारखंच. थेंबांचा हिशेब विचारला, सेट मात्र २० चा. आयसीयूत एका सिस्टरकडे दोन पेशंट, नाइटला तीन. त्यांनी खरं सांगितलं, हेच मला आवडलं. पगार नाशिकपेक्षा दीड हजाराने कमी. मी २८ मागितले होते, तिथवर गेलं नाही. सहा महिन्यांनी बघू म्हणाल्या, ते ऑफर लेटरमध्ये लिहून घेतलंय.

मेट्रनबाई, तुमच्यासाठी हे. दुसऱ्या आठवड्यात एचडीयूत (आयसीयूच्या खालोखाल देखरेखीच्या वॉर्डात) एक काका, गॉल ब्लॅडरचं ऑपरेशन झालेले. रात्री अडीचला हाताने खूण करून बोलावलं आणि म्हणाले, "बेन, गभरामण थाय छे." मॉनिटर तसा बरा दिसत होता. तरी मी खुर्ची ओढून बसले नाही. डॉक्टरांना फोन लावला, ईसीजी काढला. ईसीजी चांगला निघाला, पण शुगर फक्त ५२. डेक्स्ट्रोज गेल्यावर दहा मिनिटांत घाम थांबला आणि काकांनी मलाच विचारलं, "तमे जम्या?"

पीएफ अजून अडकलेलाच आहे, नावाचा घोळ तिथे शिल्लक. कुणाला यूएएनवरचं (पीएफच्या कायम नंबरावरचं) नाव दुरुस्त करायचा अनुभव असेल तर सांगा.

मेट्रनबाई
शुगर लगेच बघितलीस हे छान केलंस. मग काय सांगितलंस काकांना, जेवलीस का नाही?

अबोली_नाशिक
नाही हो, डबा तसाच होता. सकाळी घरी येऊन खाल्ला. मुलगा शेजारच्या आजींकडून शिकून आलाय, मी झोपायला गेले की ओरडतो, "आई, बारी बंद करू?"

ब्रदर_मिरज
यूएएनचं उद्या लिहितो, आज नाइट आहे. आधारवरचं नाव आहे तसंच राहू द्या, ते बदलायला जाऊ नका.